मागे नाव कोरलेली किल्ली

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांच्या नावांनी चालणाऱ्या विद्यार्थी संस्था असतात. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरॉरिटी. दीक्षा घेतलेल्या सदस्याला छोटा बिल्ला मिळतो. मिळतो म्हणजे, पैसे सहसा सदस्यच भरतो. परंतु अनेक संस्थांचे नियम सांगतात की तो हयातभर वापरण्यापुरता दिलेला असून मालकी संस्थेचीच आहे. पैसे सदस्याचे, मालकी संस्थेची, एवढे ध्यानात असू द्यावे.

काही वर्षांपूर्वी ओहायोतील एका जुन्या बाजारात भाचीबरोबर फिरताना, बटणे आणि तुटक्या साखळ्या भरलेल्या एका पेटीत मला इंचभर लांबीची सोन्याची किल्ली दिसली. १८७० साली इलिनॉयमधील मॉनमाउथ महाविद्यालयात स्थापन झालेल्या कप्पा कप्पा गॅमा या सोरॉरिटीचा तो बिल्ला होता आणि मागे एक नाव कोरलेले होते. आपल्याकडे रुखवतातल्या भांड्यांवरही नाव घालत असत. ती पद्धत मागे पडली हे मला मुळीच आवडलेले नाही, कारण शेजारी गेलेले पातेले त्या नावामुळेच मुकाट्याने घरी येई. इथे मात्र कोरलेले नाव वापरणारीचे, मालकिणीचे नव्हे.

तेवढ्यात एक वृद्ध बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "ही विकता येत नाही, ही आमच्या संस्थेची आहे." विक्रेता शांतपणे उत्तरला, "बाई, मी घरसामानाच्या लिलावात रोख पैसे मोजून पेटी घेतली. तुमच्या नियमांवर माझी सही नाही."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. नियम हा सदस्य आणि संस्था यांच्यातील करार असून तो परक्या दुकानदाराला आपोआप बांधत नाही, आणि अस्सल वस्तूच्या निव्वळ पुनर्विक्रीला बोधचिन्हाचा, म्हणजे ट्रेडमार्कचा, कायदा सहसा आड येत नाही. उलट, वस्तू खरोखरच उसनी दिलेली असेल, तर जो मालक नाही त्याला ती विकून मालकी देता येत नाही. परंतु ती उसनी होती हे संस्थेला सिद्ध करावे लागते, आणि पावती तर सदस्याच्या नावाची असते. म्हणून खटल्यापेक्षा बिल्ला विकत घेऊन संस्थेकडे पाठवणे अनेकींना सोपे वाटते.

बाईंनीही तेच केले. चाळीस डॉलरची किल्ली त्यांनी नव्वदला घेतली, रुमालात बांधली आणि अजून काही आहे का, असे विचारले. विक्रेत्याने टेबलाखालून दुसरी पेटी काढली. तिच्यातल्या एकाही वस्तूवर किमतीची चिठ्ठी नव्हती.