एक फूट म्हणजे एक सूत

बेळगावला समुद्र नाही. आंबोली घाट उतरून वेंगुर्ले गाठावे किंवा चोर्ला घाट उतरून गोव्यात जावे, तेव्हा कुठे खारे पाणी दिसते. तरीही उद्यमबागेपासून फारसे दूर नसलेल्या एका घराच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली, तीन डोलकाठ्यांचे एक लढाऊ जहाज उभे राहत आहे. त्याची तोफांच्या डेकवरची लांबी जेमतेम ४८ सेंटिमीटर आहे.

या जहाजाचे नाव ‘त्रिंकोमाली’. मूळ फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचे वेगवान लढाऊ जहाज, मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली सागवानात बांधली गेली आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये पाण्यात उतरली. इंग्लंडमध्ये जहाजाजोगे ओक लाकूड दुर्मीळ झाल्यामुळे हे काम मुंबईकडे आले होते. आराखडा मात्र मुळात फ्रेंच होता. इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटीवरून तो उतरवलेला होता. तो मुंबईला घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये एका अमेरिकन फ्रिगेटीच्या तावडीत सापडून नष्ट झाले आणि नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. सागवानामुळे म्हणा किंवा नशिबामुळे म्हणा, ती फ्रिगेट आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. त्यामुळे नमुना करणाऱ्याला जुन्या नकाशांबरोबरच प्रत्यक्ष जहाजाची छायाचित्रेही पडताळून पाहता येतात.

(दृश्य: कामाचे टेबल, पितळी पट्टी, नकाशावर ठेवलेला विभाजक.)

या खोलीतले कारागीर निवृत्त पॅटर्न मेकर आहेत. बेळगावच्या फौंड्रीत जे ओतकाम होते, त्याचा लाकडी साचा आधी पॅटर्न मेकर घडवतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून त्याची मोजपट्टीच तेवढ्या प्रमाणात मोठी आखलेली असते. साऱ्या नोकरीत या हातांनी प्रत्येक वस्तू किंचित मोठी घडवली; आता मात्र सगळे लहान करायचे आहे. त्यासाठी त्यांनी १:९६ हे प्रमाण निवडले, आणि त्यामागचे कारण कोणत्याही सुताराला पटेल असे आहे. या प्रमाणात खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे इंचाचा आठवा भाग होतो, म्हणजेच सुतारकामातले एक सूत. सुमारे १५० फुटांचा डेक १५० सुतांचा होतो. गुणाकार-भागाकार करण्याची गरजच उरत नाही.

सांगाड्याचे काम थोडक्यात असे. जाड प्लायवूडमधून जहाजाचा कणा, ज्याला कोकणातले जहाजबांधणीचे सुतार पठाण म्हणतात, कापून घेतला जातो आणि त्याच्या खाचांमध्ये जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे पडदे काटकोनात बसवले जातात. या पडद्यांच्या कडा घासून त्यांवर लवचीक पट्टी टेकवून पाहतात. ती कुठेही अधांतरी न राहता किंवा उंचवट्यावर न अडता सलग टेकली पाहिजे. इथे राहिलेला दोष पुढे फळ्यांच्या पृष्ठभागावर दिसतोच, आणि कितीही पॉलिश केले तरी लपत नाही.

फळ्यांसाठी सागवान वापरलेले नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. खानापूर तालुक्याला सागवानाचे अप्रूप नाही, आणि मूळ जहाजही सागवानाचेच. परंतु सागवानाच्या रेषा आणि छिद्रे ठळक असतात. ९६ पट लहान केलेल्या जहाजावर तीच छिद्रे बोटाएवढ्या भोकांसारखी भासतात. म्हणून वखारीत उरलेले हेदाचे तुकडे येथे कामी आले आहेत. पूर्वी कापडगिरण्यांच्या बॉबिनांसाठी वापरले जाणारे हे पिवळसर लाकूड बारीक आणि एकसारख्या पोताचे असते, आणि पातळ पट्टी काढली तरी सहसा तुटत नाही. जिथे गडद रंग हवा तिथे शिसव वापरला आहे.

जहाजाचा घेर मध्यभागी मोठा आणि नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, लहान असतो, त्यामुळे प्रत्येक फळी नाळेकडे निमुळती करावी लागते. मात्र ती मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद होऊ द्यायची नाही. तशी वेळ आलीच तर दोन फळ्यांची जागा एकीने घ्यायची. फळी पाण्यात भिजवून, गरम नळीवर हळूहळू वाकवून, जागेवर चिमट्यांनी धरून वाळवली जाते. मदतीला आलेला भाचा ओली फळीच चिकटवायला निघाला, तेव्हा मामांनी त्याला थांबवले: “गडबड करू नको की रे. वाळल्यावर ती आकसणार, मग मधे फट पडतीय बघ.”

जहाजाच्या पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे येतात. त्या काळच्या इंग्रजी आरमारात हे पत्रे साधारण ४ फूट लांब आणि १४ इंच रुंद असत. नमुन्यावर एक पत्रा पावणेतेरा मिलिमीटर लांब आणि पावणेचार मिलिमीटर रुंद होतो. ते लावणे हे चिकाटीचे, पण सोपे काम आहे.

(दृश्य: दोरी वळण्याचे यंत्र फिरत आहे.)

कठीण काम दोरांचे आहे, आणि नमुना खरा वाटतो की खेळण्यासारखा दिसतो, हे बहुतेक वेळा दोरच ठरवतात. सुबक फळ्यांवर शिवणकामाचे चकचकीत रीळ गुंडाळलेले नमुने प्रदर्शनांतून पुष्कळ दिसतात. हाताने नीट वळलेला दोर असलेले नमुने त्या मानाने थोडे असतात.

पहिली चूक मापाची होते. जुन्या कागदपत्रांत दोराचे माप व्यासात नसते, परिघात असते. दहा इंची दोर म्हणजे सव्वातीन इंचांपेक्षा थोडा कमी जाडीचा दोर. १:९६ मध्ये तो सुमारे ०.८४ मिलिमीटर भरतो. हे ध्यानात न घेता दहा इंच हाच व्यास धरला, तर तिप्पट जाडीचे दोर जहाजावर चढतात आणि डोलकाठ्या दोरखंडांनी जखडल्यासारख्या दिसू लागतात.

दुसरी चूक सुताच्या निवडीची. शहापूर आणि वडगाव भागात मागांची वस्ती जुनी आहे, पण साडीचे रेशीम जहाजाच्या दोराला चालत नाही. ते चमकते, आणि तागाचा दोर कधी चमकत नाही. साध्या सुती धाग्याला तूस असते. ते मेण लावून बसवता येते, पण पुढे त्यावर धूळ धरते. मामांनी बारीक लिननचा धागा पसंत केला आहे आणि तो ते स्वतः वळतात.

यंत्र साधे आहे. एका टोकाला मोटरीवर फिरणारे तीन आकडे आहेत, तर दुसऱ्या टोकाला चाकांच्या गाड्यावर बसवलेला एकच आकडा आहे. तिन्ही धाग्यांना आधी एकाच दिशेने पीळ भरतात. त्यांच्या मध्ये, भोवऱ्यासारखा, तीन खाचा कोरलेला लाकडी शंकू धरलेला असतो. दूरचा आकडा उलट दिशेने फिरू लागला की शंकू पुढे सरकतो आणि त्याच्या मागे तिन्ही धागे एकमेकांभोवती बसत जातात. एकेकट्या धाग्याला उलगडायचे असते आणि तिघांच्या एकत्र पिळाला उलट दिशेने. या दोन ओढी एकमेकींना अडवतात, म्हणूनच दोर कापला तरी टोक लगेच उसवत नाही. वळताना लांबी घटते, आणि गाड्याला चाके आहेत ती त्यासाठीच. नांगराच्या दोरासाठी असे तीन तयार दोर पुन्हा उलट्या दिशेने वळावे लागतात.

रंगाचाही नियम आहे. डोलकाठ्यांना जागेवर धरून ठेवणारे स्थिर दोर डांबरात मुरवलेले असत, म्हणून ते गडद करड्या-तपकिरी रंगात करायचे. शिडे आणि परबाणे, म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, ओढण्याचे फिरते दोर फिक्या रंगाचे ठेवायचे. काळाकुळकुळीत रंग दोन्हींपैकी कशालाच शोभत नाही.

(दृश्य: भिंग, चिमटा, श्राउडांवर बांधल्या जाणाऱ्या पायऱ्या.)

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणारे दोर म्हणजे श्राउड. ते जोडीने चढतात: पहिली जोडी उजव्या बाजूस पुढे, दुसरी डाव्या बाजूस पुढे, आणि मग आलटून पालटून मागे. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला तीन भोकांची लाकडी चकती, म्हणजे डेडआय, असते आणि ती कठड्याबाहेरच्या तशाच दुसऱ्या चकतीशी बारीक दोरीने ओढून बांधतात. वरच्या सगळ्या चकत्या एका ओळीत यायला हव्यात, म्हणून प्रत्येक जोडीमध्ये ठरावीक मापाची तार वाकवून अडकवतात आणि बांधणी संपल्यावर काढून घेतात.

मग श्राउडांवर खलाशांना चढण्याच्या दोरी पायऱ्या येतात. खऱ्या जहाजावर त्या १३ ते १५ इंचांच्या अंतराने असत, म्हणजे इथे साडेतीन ते चार मिलिमीटर. सात श्राउड आणि तीस पायऱ्या धरल्या, तर मधल्या पाच श्राउडांवर १५० क्लोव्ह हिच गाठी पडतात आणि कडेच्या दोन श्राउडांवर ६० छोटे डोळे, म्हणजे दोरीचे फासे, बांधावे लागतात. हे झाले एका डोलकाठीच्या एका बाजूचे. काही जण डोळे टाळून कडेलाही गाठच मारतात. फुटभर अंतरावरून फरक दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. गाठ जास्त आवळली तर श्राउड आत खेचले जातात आणि शिडीला मध्येच कंबर येते. म्हणून मागे आखलेला कागद लावून अंतर पुन्हा पुन्हा तपासावे लागते.

येथे बेळगावचा पाऊस मध्ये येतो. वळलेला नैसर्गिक धागा दमट हवेत फुगतो आणि लांबीला आखडतो. कोरड्या उन्हाळ्यात कच्चून ताणलेले दोर आषाढात डोलकाठीचा शेंडा मागे ओढतात, तर पावसाळ्यात ताणलेले दोर दिवाळीनंतर सैल पडतात. पॉलिस्टरच्या धाग्याला हा त्रास जवळजवळ नाही, आणि आज अनेक नमुनाकार तोच वापरतात. मामांना त्याचा पोत आवडत नाही. त्यांनी दोरांचे काम पावसाळा सरल्यावर सुरू केले आणि श्राउड हाताला जेमतेम ताठ लागतील इतकेच ओढले. शिडे मात्र ते लावणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. या प्रमाणात कोणतेही कापड गोधडीएवढे जाड दिसते.

सध्या परबाणे चढवण्याचे काम चालू आहे. चौकोनी काठी आधी आठ बाजूंची, मग सोळा बाजूंची करून शेवटी गोल घासलेली ही परबाणे दोन्ही टोकांना निमुळती आहेत. त्यांच्यावरून येणारा प्रत्येक फिरता दोर डेकवरच्या ठरलेल्या खुंटीलाच बांधावा लागतो. डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या आतल्या खुंट्यांवरचे दोर आधी बांधून घेतले जात आहेत, कारण कठड्यालगतचे दोर एकदा लागले की तिथपर्यंत चिमटाही पोहोचत नाही. मुख्य डोलकाठीच्या आतल्या खुंट्या भरल्या आहेत. पुढच्या डोलकाठीच्या अजून मोकळ्या आहेत.