चाक फिरताना दिसलं पाहिजे

(जाळीतून ट्रॅक. एक गाडी येते आणि जाते.)

आवाज आधी येतो, मग गाडी. कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत समोर नुसतं डांबर.

चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. ३.७ किलोमीटर लांबीचा, बारा वळणांचा हा ट्रॅक. पूर्वी मद्रासच्या शर्यती शोलावरमला, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर व्हायच्या. कोल्हापूरचा हा तरुण गाड्यांचे फोटो काढायला इथे पहिल्यांदाच आलाय.

(कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे फोटो.)

हे त्याचे सकाळचे फोटो. शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारा पडदा, सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापुरताच उघडलेला. दारावरच्या स्टिकरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. पण चाकाचे आरे मोजून घ्या! गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असावी तशी दिसतेय.

ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. दोन हजाराव्या भागात गाडी सरकते अडीच सेंटिमीटर. शटर एकशे पंचविसाव्या भागावर आणलं, तर ४० सेंटिमीटर. तेवढ्या वेळात कॅमेराही गाडीबरोबर वळला, तर गाडी स्पष्ट येते, मागचं सगळं पुसट होतं आणि चाक फिरताना दिसतं. हेच पॅनिंग.

(पावलं, मग कंबर.)

आता त्याचे पाय पाहा. फोटो जिथे घ्यायचा, त्या जागेकडे रोखलेले. गाडी लांब असतानाच कंबरेतून वळून तिला चौकटीत धरायची, कोपरं बरगड्यांना टेकवायची आणि तिच्याबरोबर फिरत यायचं. बटण दाबल्यावरही फिरणं चालूच ठेवायचं. बहुतेक नवशिके नेमके तिथेच थबकतात. फोकस सतत पाठलाग करणारा हवा: काही कॅमेऱ्यांत त्याला एएफ-सी म्हणतात, काहींत एआय सर्वो. बाकी सगळं अंगाचं काम आहे. घराजवळच्या रस्त्यावर, दुचाकींवर सराव केला तरी चालतो, आणि त्याला तिकीट लागत नाही.

(जाळी, अगदी जवळून.)

ही जाळी मात्र छळते. ती फोटोतून घालवायची तर लेन्स जाळीला भिडवून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, मोठं उघडायचं. पण वर चेन्नईचं ऊन आणि शटर संथ, त्यामुळे कॅमेरा अ‍ॅपर्चर मिटत मिटत थेट एफ-२२ कडे, म्हणजे अगदी बारीक छिद्राकडे नेतो. जाळीचे राखाडी पट्टे परत उमटतात, सेन्सरवरची धूळ आकाशात ठिपके काढते. यावर उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर चढवायची काळी काच. प्रकाश अडला की अ‍ॅपर्चर पुन्हा उघडता येतं. महागड्या लेन्सआधी ही काच घ्या, असं आम्ही म्हणू.

सरळ पट्ट्यावर गर्दी होते, कारण वेग तिथे. शिकायला वळण बरं. प्रेक्षकांना परवानगी असेल तर आतल्या बाजूला उभं राहा: गाडी तुमच्याभोवती कमानीत फिरते, अंतर फारसं बदलत नाही आणि पुढचा बंपर, मागचा बंपर दोन्ही स्पष्ट येतात. शिवाय चालक दर फेरीला जवळपास त्याच रेषेवरून जातो. हुकलं तर दोनेक मिनिटांत गाडी परत तिथेच.

(कृष्णधवल छायाचित्र.)

हा फोटो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा, फ्रान्समधला. विशीही न गाठलेला छायाचित्रकार जाक-आंरी लार्तिग ग्रां प्री शर्यतीतल्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवतोय. शटरचा पडदा हळू सरकायचा, चित्राचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या क्षणी टिपला जायचा. म्हणून चाक लंबगोल होऊन पुढे झुकलंय आणि काठावरची माणसं उलटीकडे कललीत. गाडीचं नाक चौकटीबाहेर. आजच्या कुठल्याही स्पर्धेत हा पहिल्याच चाळणीत बाद होईल!

कठड्यापाशी फक्त परवानाधारक छायाचित्रकार जातात. गाड्या सुटून तिथवर येऊ शकतात, म्हणून ट्रॅककडे पाठ करायची नाही. दिवसाचे बहुतेक फोटो पुसावे लागतात.

(शेवटची शर्यत. उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाड्या.)

त्याने शटर साठाव्या भागापर्यंत उतरवलंय. आता येतील ते त्याचे फोटो. एकात नुसतं हेल्मेट स्पष्ट आहे, बाकी सगळ्या रेघा. आम्हाला तोच आवडला, त्याला दुसरा.