त्याच गुडघ्यांना दोन न्याय

नमस्कार श्रोतेहो. आज मला तुमच्याशी एका पैलवानाच्या गुडघ्यांविषयी बोलायचं आहे. पैलवान मूळचा मंगोलियाचा, जपानमधल्या व्यावसायिक सुमोत नाव कमावलेला. तेरुनोफुजी. सुमोवर माझं प्रेम आहे, आणि त्यातही सगळ्यात जास्त जीव लावला तो या माणसाला.

सुमो न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. वरच्या दोन विभागांतला पैलवान रोज एक कुस्ती लढतो. किमान आठ जिंकल्या तर क्रमवारीत वर, आठ हरला तर खाली. ही क्रमवारी, म्हणजे बान्झुके, दर स्पर्धेआधी नव्यानं लावतात. आणि दुखापतीमुळे जी कुस्ती लढताच आली नाही, तीही क्रमवारी लावताना हरल्यातच जमा! आपल्याकडच्या मल्लाचा गुडघा गेला तर त्या हंगामातली मैदानं हुकतात, इनामं बुडतात, पण तो बरा होऊन आला की लोक त्याच मानानं त्याला तांबड्या मातीत उतरवतात. सुमोत बरं होईपर्यंत मानही गेलेला असतो आणि पगारही. कारण पगार मिळतो तो फक्त वरच्या दोन विभागांत. त्याखाली स्वतःची खोली नाही, हाताखाली माणूस नाही, आणि कुस्त्या सकाळी, प्रेक्षागृह जवळजवळ रिकामं असताना.

तेरुनोफुजीनं 2015 च्या मे महिन्यात पहिलं अजिंक्यपद जिंकलं आणि तो ओझेकी झाला, म्हणजे सर्वोच्च पदाच्या फक्त एक पायरी खाली. त्याच वर्षी गुडघे दुखावले. ओझेकी लागोपाठ दोन स्पर्धांत कमी पडला की पद जातं, म्हणून तो तसाच लढत राहिला. 2017 च्या मार्चमध्ये, ओसाकाच्या स्पर्धेत चौदाव्या दिवशी त्यानं कोतोशोगिकुला समोरासमोर न भिडता बाजूला सरकून पाडलं, तेव्हा लोकांनी त्याची हुर्यो उडवली. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. गुडघे धड नसलेला माणूस एकशे ऐंशी किलोचा धक्का छातीवर कसा घेणार?

दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर किसेनोसातो होता. तो नवा योकोझुना, म्हणजे सर्वोच्च पदावरचा पैलवान, आणि जपानी लोकांच्या गळ्यातला ताईत. त्याच्या डाव्या छातीला आणि दंडाला दोन दिवसांपूर्वीच इजा झालेली. तेरुनोफुजी एका विजयानं पुढे होता, म्हणून अजिंक्यपदासाठी किसेनोसातोला त्याला एकाच दुपारी दोनदा हरवायचं होतं, एकदा बरोबरीसाठी आणि मग निर्णायक लढतीत, आणि त्यानं हरवलं. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. पण किसेनोसातोचा तो हात पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. पुढच्या आठही स्पर्धा त्याला पूर्ण किंवा अर्ध्यावर सोडाव्या लागल्या आणि 2019 च्या जानेवारीत तो निवृत्त झाला. त्या दुपारची किंमत दोन्ही पैलवानांना मोजावी लागली.

तेरुनोफुजीचं ओझेकीपद 2017 मध्येच गेलं. मग शस्त्रक्रिया, मधुमेह, आणि घसरण थेट जोनिदानपर्यंत. जोनिदान म्हणजे खालून दुसरा विभाग. एके काळचा ओझेकी तिथं पोरांशी लढतोय, हे आधी कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याला सोडून द्यायचं होतं, गुरूंनी सोडू दिलं नाही. 2019 च्या मार्चमध्ये तो तिथं उतरला आणि सातच्या सात कुस्त्या जिंकला. 2020 च्या उन्हाळ्यात सगळ्यात वरच्या विभागात परतला, अगदी तळाच्या क्रमांकावर, आणि ती स्पर्धाच जिंकला. 2021 मध्ये त्र्याहत्तरावा योकोझुना झाला.

आता खरा मुद्दा. योकोझुनाला खाली उतरवता येत नाही. त्यामुळे 2022 मध्ये दोन्ही गुडघ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली तेव्हा तेरुनोफुजी सलग तीन स्पर्धांना उतरलाच नाही आणि 2023 च्या मे महिन्यात येऊन चौदा कुस्त्या जिंकत अजिंक्यपद घेऊन गेला. पुन्हा विश्रांती, पुन्हा 2024 च्या जानेवारीत अजिंक्यपद. गुडघे तेच. फरक फक्त नियमाचा. ओझेकी असताना विश्रांती घेतली तर शिक्षा, योकोझुना झाल्यावर हक्क.

हा हक्क सगळ्यांना मिळावा असं मला मनापासून वाटतं. यात नवीन काही नाही. 1972 पासून तशी सोय होती. स्पर्धेतल्या कुस्तीत दुखापत झाली तर पुढची स्पर्धा सोडूनही क्रमांक टिकत असे. फार जण सवलत घेतात म्हणून 2003 च्या अखेरीला ती बंद झाली. गैरफायदा घेणारे असतीलही. त्यासाठी पैलवानाच्या मर्जीतला नव्हे, संघटनेनं नेमलेला डॉक्टर तपासणीला बसवा. पण दोन फूट उंच दोह्योवरून, म्हणजे सुमोच्या मातीच्या आखाड्यावरून, दीड-दोनशे किलोची माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळतात, तिथं गुडघे-घोटे जाणारच. 2024 च्या मार्चमध्ये ताकेरुफुजीनं सगळ्यात वरच्या विभागातल्या पहिल्याच स्पर्धेत अजिंक्यपद मिळवलं, एकशे दहा वर्षांत पहिल्यांदाच असं घडलं. चौदाव्या दिवशी घोटा गेला होता, तरी शेवटच्या दिवशी उतरून जिंकला. मे महिन्यात तो लढू शकला नाही, आणि जुलैत मार्चचा हा विजेता दुसऱ्या विभागात!

काही चाहते मला म्हणतात, ती सवलत असती तर तेरुनोफुजीची ही गोष्ट घडलीच नसती. खरंच नसती घडली. पंचविशीच्या आसपासची, ऐन जोमाची ती वर्षं तो ओझेकी म्हणून मोठमोठ्या पैलवानांशी लढला असता. दहा अजिंक्यपदं मिळवून तो 2025 मध्ये निवृत्त झाला. त्या वर्षांत आणखी मिळाली असती. मला त्या कुस्त्या पाहायला हव्या होत्या.