तार तुटली तरी हूटर वाजला पाहिजे

(दृश्य : बंद खोली. भिंतीवर राखाडी पेटी. पडद्यावर आकडा : २०.९)

मोकळ्या हवेत ऑक्सिजन असतो २०.९ टक्के. ही पेटी म्हणजे ऑक्सिजन ॲनालायझर, हवेतला ऑक्सिजन मोजणारं उपकरण. ती तोच आकडा दाखवतेय, म्हणजे खोलीतली हवा ठीक आहे. पण आकडा वाचायला इथे आहे कोण? नायट्रोजनच्या पाइपला गळती लागली आणि आकडा घसरत १० वर आला, तर पडदा तोही मुकाट्यानं दाखवत राहील.

आत शिरणाऱ्याला मात्र काहीच जाणवणार नाही. नायट्रोजनला रंग नाही, वास नाही. जीव घुसमटतो तो मुख्यतः शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे. ऑक्सिजन कमी पडल्याचं शरीर तसं ओरडून सांगत नाही. ऑक्सिजन जवळजवळ नसेलच, तर दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते.

म्हणून ऑक्सिजन ॲनालायझर घेताना तो किती अचूक मोजतो एवढंच विचारून भागत नाही. मोजलेलं तो बाहेर कसं सांगतो, आणि स्वतः बंद पडला तर काय सांगतो, हे आधी विचारायला हवं.

(दृश्य : पेटीचं झाकण उघडतं. टर्मिनल पट्टी जवळून.)

हे तीन स्क्रू पाहा. कॉमन, एनओ, एनसी. अलार्म रिलेचे, म्हणजे कॉइलला वीज देऊन उघडमीट होणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट. एनओ म्हणजे नॉर्मली ओपन, एनसी म्हणजे नॉर्मली क्लोज्ड. आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. हे ‘नॉर्मली’ म्हणजे रिलेच्या कॉइलला वीज नसताना. प्लांट नॉर्मल चालू असताना, असा त्याचा अर्थ नाही.

सगळं ठीक असताना कॉइलला वीज चालू ठेवायची, आणि अलार्म आला की ती काढून घ्यायची. याला फेल-सेफ म्हणतात. ठीक असताना एनओ कॉन्टॅक्ट मिटलेला राहतो, पीएलसीला, म्हणजे प्लांट सांभाळणाऱ्या कंट्रोलरला, २४ व्होल्ट दिसत राहतात. ऑक्सिजन उतरला, पेटीची वीज गेली किंवा उंदरानं तार कुरतडली, तिन्ही वेळी ते २४ व्होल्ट जातात आणि हूटर वाजतो. उलटी जोडणी केली, तर तार तुटलेली कळते ती थेट अपघाताच्या दिवशी. हूटरला वीज मात्र वेगळ्या, बॅकअप असलेल्या लाइनवरून द्यायची.

खोलीसाठी अलार्म सहसा १९.५ टक्क्यांवर लावतात. ऑक्सिजन वाढणंही धोक्याचंच, आग भडकते, त्यासाठी २३.५. आकडा १९.४ आणि १९.६ च्या मध्ये घुटमळू लागला की रिले टकटक, टकटक करत राहतो आणि कॉन्टॅक्ट झिजतात. म्हणून अलार्म सुटण्याचा आकडा थोडा वर ठेवतात, हा हिस्टेरेसिस. आणि माणसांच्या खोलीत अलार्म लॅचिंगच हवा, असं माझं ठाम मत आहे. कोणीतरी येऊन, पाहून, हातानं रीसेट करेपर्यंत तो सुटता कामा नये.

(दृश्य : मल्टिमीटर. १७.३८ मिलीॲम्प.)

आता या दोन तारा. मोजलेला आकडा यांतून विजेच्या प्रवाहाच्या रूपात बाहेर जातो, ४ ते २० मिलीॲम्प. रेंज ० ते २५ टक्के असेल, तर २०.९ ला १७.३८ मिलीॲम्प येतात आणि १९.५ ला १६.४८. शून्य टक्क्यालाही ४ मिलीॲम्प वाहतातच, त्यामुळे तुटलेली तार आणि खरोखरचा शून्य ऑक्सिजन यांत गल्लत होत नाही. नामूर या प्रोसेस उद्योगातल्या संघटनेच्या एनई ४३ शिफारशीनुसार मोजमाप ३.८ ते २०.५ मध्ये राहतं. ३.६ किंवा त्याखाली, २१ किंवा त्यावर गेलं, की समजायचं उपकरणच बिघडलंय.

बिघाडाचा सिग्नल खाली पाठवायचा की वर? उत्तर जागेवर ठरतं. ज्वालाग्राही द्रव भरलेल्या टाकीवर नायट्रोजनचं आवरण असतं. तिथे भीती ऑक्सिजन वाढण्याची. आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या गॅल्व्हॅनिक सेलमधलं शिसं संपत आलं, की रीडिंग आपोआप खाली येतं. खोलीत असा मरणारा सेल खोटा अलार्म देतो, माणसं बाहेर पळतात, बिघडत काही नाही. टाकीवर तोच सेल सांगतो, आवरण एकदम छान आहे. म्हणून टाकीसाठी बिघाड २१ मिलीॲम्पच्या वर पाठवायचा आणि बिघाड सांगणारा फॉल्ट रिले वेगळा जोडायचा. तरीही हळूहळू थकणारा सेल उपकरणाला स्वतःला ओळखता येईलच असं नाही. तो पकडायला ठरलेल्या दिवशी स्पॅन गॅस, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण आधीच माहीत असलेला वायू, द्यावाच लागतो.

पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजणारा ॲनालायझर स्वतःच रेंज बदलत असेल, तर रेंज सांगणारा कॉन्टॅक्टही घ्या. नाहीतर १२ मिलीॲम्प म्हणजे ५ पीपीएम की ५०, कळणार कसं? हार्ट आणि मॉडबस या डिजिटल संपर्काच्या पद्धती निदानासाठी उत्तम. मात्र संपर्क तुटल्यावर मॉडबसवरचा शेवटचा आकडा स्क्रीनवर गोठून राहू शकतो. हूटरची तार थेट रिलेवरूनच न्यावी.

कॅलिब्रेशन करताना आउटपुट ‘होल्ड’वर टाकतात, म्हणजे आहे त्या आकड्यावर थांबवतात. तो होल्ड काढायचा राहिला, तर कंट्रोल रूमला दिवसभर १७.३८ दिसत राहतं.

(दृश्य : तंत्रज्ञ होल्ड काढतो, सेन्सरवर टोपी बसवून नायट्रोजन सोडतो.)

२०.९... २०.१... १९.४. रिलेचा टक् आवाज. दूर कंट्रोल रूममध्ये हूटर. फोनवरून खात्री होते. टोपी काढली, आकडा वर आला, रीसेट. आता तो स्क्रू ड्रायव्हर घेतो आणि एक तार सोडवतो.

(ध्वनी : हूटर पुन्हा वाजतो.)