गाईचे कान

(पडद्यावर: काळ्या लाखेच्या लाकडावर ताणलेल्या सात तारा. एक बोट तारेवरून हळूच सरकतं.)

हे छिन. मेजावर आडवं ठेवून वाजवायचं चिनी वाद्य. पूर्वी याच्या तारा रेशमाच्या असत. कडेला 13 ठिपके दिसतात ना, ते शिंपल्याचे. बोट कुठं टेकवायचं ते त्यांवरून कळतं. आवाज इतका हळुवार की शेजारच्या खोलीत पोचला तरी पुष्कळ. बोट सरकताना होणारी खरखरसुद्धा इथं संगीतातच जमा.

असं हे वाद्य कुंगमिंग ई नावाच्या वादकाने एकदा गाईपुढे वाजवलं. 'छिंगच्याओ' ही भारदस्त रचना त्याने छेडली. गाय मान खाली घालून चरत राहिली.

त्यावरून चिनी भाषेत चार अक्षरांची म्हण रूढ झाली : त्वे न्यू थान छिन. गाईपुढे छिन वाजवणं. आपण 'गाढवापुढे वाचली गीता' म्हणतो, तसंच. मेहनत वाया, आणि टोमणा बहुतेकदा ऐकणाऱ्याला.

पण मूळ गोष्ट इथं संपत नाही. म्हणीने तिचा अर्धाच भाग उचलला, आणि मला तरी तो गाईवर अन्याय वाटतो.

ही गोष्ट येते मोउत्झच्या ग्रंथात. परंपरेनुसार हा हान राजवटीच्या अखेरच्या काळातला विद्वान. भारतातून आलेला बौद्ध धर्म चीनमध्ये तेव्हा नवखा होता, आणि कन्फ्यूशियसचे ग्रंथ कोळून प्यायलेले पंडित त्याच्याकडे संशयाने बघत. मोउत्झ त्यांच्या शंकांना एकेक करून उत्तरं देतो. एक जण त्याला अडवतो : बुद्धाची वचनं एवढी थोर आहेत, तर तुम्ही ती का सांगत नाही? आमच्याच जुन्या ग्रंथांचे दाखले का देता?

मोउत्झ म्हणतो, कारण तुम्हाला तेच ग्रंथ ठाऊक आहेत. आणि मग तो गाईची गोष्ट सांगतो. गाईला ऐकू येत नव्हतं असं नाही, असं तो स्पष्टच म्हणतो. ते सूर तिच्या कानाचे नव्हते.

(पडद्यावर: पुन्हा तारा. या वेळी बारीक गुणगुण.)

कुंगमिंग ई ने सूर बदलले. आधी डास आणि गोमाशांची भुणभुण. मग आईपासून चुकलेल्या वासराचं हंबरणं.

गाईने शेपटी हलवली. कान टवकारले. आणि लहान लहान पावलं टाकत ती ऐकू लागली.