हळद, टॉर्च आणि पेशीतलं प्रोटीन

नमस्कार मंडळी. आजचं शूटिंग नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीला चादर लावून. आई दोनदा डोकावून गेली, "काय करून राहिला रे अंधारात?"

तर हे दोन ग्लास. दोन्हीत चिमूटभर हळद. एकात पाणी, दुसऱ्यात गोडंतेल. आणि हा नोटा तपासायचा जांभळा टॉर्च, इतवारीतून आणलेला. याच्या उजेडात थेट बघायचं नाही हं, डोळ्यांना वाईट.

(टॉर्च पाण्यावर) पिवळं गढूळ पाणी. बस. (टॉर्च तेलावर) आणि हे बघा, हिरवट-पिवळं कसं चमकून राहिलं! हळद त्याच डब्यातली.

हळदीतलं कर्क्युमिन जांभळा प्रकाश शोषून घेतं आणि हिरवट प्रकाश परत देतं. याला फ्लुरोसन्स म्हणतात. पण आजूबाजूला पाणी असलं की पाण्याचे रेणू ती ऊर्जा प्रकाश व्हायच्या आतच काढून घेतात, ती उष्णता होऊन जाते. तेलात असा त्रास कमी, म्हणून चमक. म्हणजे एकच रंग, आपण कुठं बसलोय हे स्वतः सांगतो. डान्सिल, एनबीडी, नाइल रेड हे प्रयोगशाळेतले रंगही याच स्वभावाचे.

आता पेशीत या. पेशीत पाणीच पाणी. पण प्रोटीनच्या अंगावर काही खोबणी असतात, आतून तेलकट, पाण्याला नकोशा. एखाद्या खोबणीत नेमका बसेल असा छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्या अमिनो आम्लांची आखूड साखळी, घ्यायचा, त्याला हा रंग चिकटवायचा. पेप्टाइड मोकळा तरंगतोय तोवर अंधार, खोबणीत बसला की उजेड. झाला ते प्रोटीन शोधणारा सेन्सर!

तुम्ही म्हणाल, जेलीफिशमधलं हिरवं चमकणारं प्रोटीन, जीएफपी, आहे ना, २००८ चं नोबेल मिळालेलं? आहे, आणि भारी आहे. पण त्यात २३८ अमिनो आम्लं, पेशीत जनुक घालून ते बनवून घ्यावं लागतं, आणि नुसतं शेपटीसारखं जोडलं तर ते कायमच चमकतं. जोडीदार भेटला की नाही, ते सांगत नाही. आपला पेप्टाइड १५ अमिनो आम्लांचा. रसायनशास्त्रज्ञ मेरिफील्डनं १९६३ मध्ये दाखवलेल्या पद्धतीनं राळेच्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत तो बनवता येतो.

खरं उदाहरण घेऊ. पी५३ हे आपल्याला कॅन्सरपासून राखणारं प्रोटीन. एमडीएम२ नावाचं दुसरं प्रोटीन त्याला धरतं आणि नष्ट व्हायला पाठवतं. १९९६ मध्ये या जोडीची क्रिस्टल रचना, म्हणजे स्फटिक करून काढलेला अणू-अणूचा नकाशा, प्रसिद्ध झाली. पी५३ चा १५ ते २९ क्रमांकाचा तुकडा एमडीएम२ च्या खोबणीत स्प्रिंगसारखा पिळा घेऊन बसतो, आणि १९ वं फिनाइलअॅलनिन, २३ वं ट्रिप्टोफॅन, २६ वं ल्युसिन ही तीन अमिनो आम्लं बोटांसारखी, ही तीन बोटं आत रुततात. तेव्हा एमडीएम२ शोधायचं तर हाच तुकडा आमिष.

मग रंग कुठं लावायचा? इथंच डोकं लागतं. तीन बोटांपैकी एकावर लावला तर पकडच सुटते. पिळ्याच्या बाहेरच्या बाजूला लावला तर तो पाण्यातच राहतो आणि चमकत नाही. खोबणीच्या काठावर हवा, पकड न बिघडवता आत टेकेल असा. कागदावर हे कितीही आखा, शेवटी पाच-सहा जागी रंग लावून वेगवेगळे पेप्टाइड बनवावे लागतात. प्रत्येकाची चमक मोजायची, पकडही मोजायची. चमक भारी पण पकड ढिली, असे नग बरेच निघतात.

पेशीत शिरणं हे आणखी एक लफडं. पेप्टाइड स्वतःहून आत जात नाही, गेला तर एन्झाइम कुरतडतात. म्हणून एचआयव्हीच्या टॅट प्रोटीनमधला धन विद्युतभाराचा तुकडा शेपटीला जोडतात. तरी बरेचदा तो पेशीच्या पिशव्यांतच अडकतो. मायक्रोस्कोपखाली एकसारख्या उजेडाऐवजी ठिपके-ठिपके दिसले, की आनंद करायचा नाही. माल गोदामातच पडून आहे.

आणि सगळ्यात मोठा धोका खोट्या उजेडाचा. तर्री-पोह्यात बघा, तिखटाचा लाल रंग वरच्या तेलात चढतो, खाली पाण्यात राहत नाही. आपला रंगही तसाच, आणि पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध. तिथं जाऊन चिकटला तरी चमकणार, एमडीएम२ असो नसो. म्हणून जोडीला दुसरा पेप्टाइड बनवतात: रंग तोच, जागा तीच, फक्त ती तीन बोटं बदलून तिथं अॅलनिन हे छोटंसं अमिनो आम्ल. हा कुठंच पकडणार नाही. याला अंधारच राहायला हवा. माझ्या मते, सेन्सरवरचा कुठलाही पेपर वाचताना आधी हा काळा फोटो शोधावा, रंगीत नंतर.

अजून एक गंमत. हा पेप्टाइड जास्त घातला तर तोच एमडीएम२ ची खोबण अडवतो, पी५३ मोकळं सुटतं, आणि पेशी बदलते. मोजायला आलेला पाहुणाच घरात ठाण मांडतो. म्हणून मात्रा कमी, अगदी कमी.

खोट्या उजेडावरून आठवलं. आज सकाळी याच व्हिडिओचा पहिला टेक घेतला, तर पाण्याचा ग्लासही निळसर चमकला! अर्धा तास डोकं खाजवलं. मग लक्षात आलं, अंगात पांढरा टी-शर्ट होता. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं, ते जांभळ्या प्रकाशात निळं चमकतं, आणि त्याचं प्रतिबिंब ग्लासात. म्हणून हा काळा शर्ट.

घरी करून बघाल तर तिसरा ग्लासही ठेवा, नुसत्या तेलाचा. आधी त्याच्यावर टॉर्च मारा. आणि हो, बनियन पांढरा असेल तर वरून काहीतरी घाला.