हजार लिटर गरम पाणी आणि आपलं सोलापूर

श्रोतेहो, नमस्कार.

घरी हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचा मोठा टब, बसवायचा म्हटलं की आपल्या सोलापुरात समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "पाणी कुठनं आणणार?" प्रश्न रास्त आहे. उजनी भरलेलं असो नाहीतर आटलेलं, आपल्या नळाला पाणी रोज येत नाही. पण बांधकामाच्या व्यवसायात असल्यामुळे या टबांचं गणित मी जवळून बघतो, आणि माझं मत असं की लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात.

आधी पाण्याचंच बघू. चौघांचा छोटा टब १,००० लिटरचा धरा. हा बाथटब नव्हे. रोज भरला, रोज सोडला, असं यात नसतं. तेच पाणी पंपाने गाळणीतून फिरत राहतं, त्यात क्लोरीन घालतात, आणि नीट राखलं तर तीनेक महिने टिकतं. म्हणजे दिवसाला ११ लिटर पडले. एक बादलीसुद्धा नाही! वाफेने जाईल ते वेगळं, पण जाड झाकण असलं की तेही फार जात नाही. झाकण हा टबाचा अर्धा जीव आहे. ते नसेल तर आपल्या कोरड्या हवेत पाणीही उडतं आणि विजेचं बिलही वाढतं.

घाबरायचंच तर स्लॅबला घाबरा. १,००० लिटर म्हणजे एक टन. त्यात टबाचं वजन आणि आत बसलेली चार माणसं मिळवा, दीड टनाच्या घरात जातं. टबाची जागा दोन मीटर बाय दोन मीटर. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पावणेचारशे किलो. घराच्या खोल्यांचा स्लॅब साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात, गच्चीचा १५०. "गच्चीवर चांदण्यात बसू" ही हौस मला समजते, पण इंजिनिअरने आकडेमोड करून लेखी दिल्याशिवाय ती करू नका. जुन्या पेठांतल्या माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या छताच्या, घरात तर नावच काढू नका.

टब अंगणात, जमिनीवर बरा. तिथेही आपली काळी माती आडवी येते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर नुसती फरशी टाकली तर वर्षभरात टब एका बाजूला कलतो. काळी माती काढा, मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा, वर चार-पाच इंच काँक्रीट घाला. मगच टब.

दुसरी गोष्ट बोअरच्या पाण्याची. ज्यांच्या घरी बोअरवर गीझर चालतो त्यांनी कॉइल बाहेर काढलेली बघितली असेल: बोटाएवढी सळई अंगठ्याएवढी झालेली, वर पांढरा खडबडीत थर, नखाने खरवडला तर पोपडे निघतात. टबाच्या हीटरचं हेच होतं, आणि तो हीटर स्वस्त नसतो. म्हणून टब नळाच्या पाण्याने भरा, नाहीतर पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर लावा. पाण्यात बुडवायच्या तपासणीच्या पट्ट्या मिळतात. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. क्लोरीन कमी पडलं तर कोमट पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात, अंगावर पुरळ उठतं, छातीत संसर्गही होऊ शकतो. पट्टी बुडवणं हे काम घरातल्या एकाच माणसाकडे द्या. सगळ्यांचं काम कुणाचंच नसतं.

विजेबद्दल थोडक्यात. टबाला वेगळी लाइन, जास्त भार आला की बंद पडणारा वेगळा एमसीबी आणि विजेची गळती होताच ती तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अर्थिंग तपासून घ्या. उन्हाळ्यात खड्ड्यातली माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी घाला. एक टन पाणी २५ अंशांवरून ३८ वर न्यायला साधारण १५ युनिट लागतात. दोन किलोवॅटचा हीटर असेल तर सात-आठ तास. म्हणजे पाहुणे दारात आल्यावर बटण दाबून उपयोग नाही.

आता खरेदी. फुगवायचा टब हजारांत येतो, ॲक्रिलिकचा लाखांत जातो. पहिल्यांदा घेताय तर फुगवायचा घ्या, असं मी सांगेन. एक हिवाळा वापरून बघा, हौस टिकते का ते कळेल. विक्रेता तुम्हाला जेटची, म्हणजे पाण्याचे झोत सोडणाऱ्या तोंडांची, संख्या मोजून दाखवेल. तिकडे लक्ष देऊ नका. पंप तोच आणि तोंडं जास्त, तर प्रत्येक तोंडाचा जोर कमी, हे शेतात ठिबक चालवणाऱ्याला सांगायला नको. मोठा टब घेताना दुकानात कोरड्या टबात चपला काढून खुशाल बसा. गुडघे कुठे येतात, मान टेकते का, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो काठ ओलांडता येईल का, हे बघा. पंप बिघडला तर दुरुस्तीला सोलापुरात कोण येणार, हे पैसे देण्याआधी विचारा.

शेतीवरून आठवलं. ज्यांच्या नावाने आपण सरसकट 'जकुझी' म्हणतो, ते इटलीहून अमेरिकेत गेलेले भाऊ आधी विहिरींचे पंप बनवायचे. त्यांच्यातल्या कँडिडोच्या लहान मुलाला संधिवात होता. त्याला घरीच शेक मिळावा म्हणून न्हाणीच्या टबात ठेवायचा पंप त्यांनी तयार केला. टबातच जेट बसवलेलं मॉडेल आलं ते १९६८ मध्ये. चैनीची म्हणून ओळखली जाणारी ही वस्तू एका आजारी पोराच्या दुखण्यातून आलेली आहे.

आपल्याकडे या टबाचा खरा मोसम दिवाळी ते महाशिवरात्र. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत यण्णीमज्जन, म्हणजे लिंगांचं तैलस्नान, होतं, नंदीध्वज निघतात, त्या दिवसांत पहाटे अंगाला काटा येतो. अशा वेळी खांद्यापर्यंत पाण्यात बसा. पाणी अंगाला उचलून धरतं, गुडघ्यावरचा भार जातो, आणि दिवसभर दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्या पाच मिनिटांत सैल पडतात. झोपायच्या तास-दीड तास आधी बसलात तर झोपही लवकर लागते. बाहेर आलात की आपला सोलापुरी टॉवेल आहेच. त्यासाठी परगावचा ब्रँड शोधणाऱ्याला मी काही म्हणत नाही!

पाणी ४० अंशांच्या वर नको, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं. दारू पिऊन तर मुळीच नाही. लहान मुलांना एकटं सोडू नका, लांब केस वर बांधा. पाणी ओढून घेणाऱ्या जाळीत ते अडकतात. आणि खास आपल्यासाठी एक सूचना: अंगाला तेल, उटणं लावून टबात उतरू नका. अभ्यंगस्नान आपल्या न्हाणीत. तेलाने गाळणी तुंबते आणि पाण्यावर फेसाचा थर येतो. आधी दोन तांबे अंगावर घ्या, मग उतरा.

मार्चनंतर हीटर बंद करा. टब सावलीत असेल तर संध्याकाळी गार पाण्यात डुंबता येतं. उन्हात असेल तर मे महिन्यात पाणी आपसूकच नको तितकं तापतं, तेव्हा वर शेडनेट बांधाच. पाणी बदलायच्या आधी चार-पाच दिवस क्लोरीन घालू नका, झाकण काढून ठेवा, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसू द्या. मग ते हजार लिटर गटारात सोडायचं कारण नाही. अंगण धुवा, गाडी धुवा, उरलेलं नारळाच्या आळ्यात जाऊ द्या. नमस्कार.